हडकुळ्या मुलांच्या हाती गोड बाटली

नंदुरबार जिल्ह्यात शीतपेयांतल्या साखरेचा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला: लठ्ठपणा हे शहरी दुखणे, इथल्या पोरांच्या अंगावर मांस नाही, दोन घोट गोड पोटात गेले तर बिघडले कुठे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली, म्हणून हा आक्षेप पटतोही. पण धानोऱ्यासारख्या गावात दहा रुपयांना मिळणाऱ्या 200 मिलीच्या बाटलीत असते काय? साधारण 20 ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर. प्रथिने नाहीत, लोह नाही. तेवढ्याच पैशांत एक अंडे येते. ती बाटली पिऊन बसलेले लहानगे भाकरी आणि उडदाच्या डाळीला तोंड लावत नाही. मोठे मूल जेवतेही, आणि ही साखर वरची जमा होते.

पातळ साखरेने भूक भागत नाही, हे चांगले तपासले गेले आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात 641 शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना रोज 250 मिली साखरेचे पेय दिले, उरलेल्यांना तशाच चवीचे बिनसाखरेचे. कोणाला काय मिळते हे मुलांना ठाऊक नव्हते. दीड वर्षात साखरवाल्या मुलांचे वजन सरासरी एक किलोने जास्त वाढले, चरबीही जास्त चढली. ही मुले परदेशातली, खात्यापित्या घरची, हे मान्य. मात्र पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून पाऊण किलोने हलकी असली तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नसते. स्नायू कमी, चरबी जास्त. पुढे मधुमेहाला अशी शरीरे लवकर बळी पडतात. म्हणजे हडकुळे मूल साखरेपासून सुरक्षित नाहीच, उलट त्यालाच जास्त जपायला हवे.

चहात आणि उसाच्या रसातही साखर असते, हे खरे. लहान मुलाला रोज गोड चहा पाजणेही चूकच. बाटल्या आवरायला मात्र नुसत्या करावर विसंबू नये. सप्टेंबर 2025 पासून फसफसणाऱ्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, पण आंब्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तितक्याच गोड पेयांवर 5 टक्केच. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत अशी पेये विकण्यास 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. धानोऱ्याच्या ग्रामसभेने आणि शाळा व्यवस्थापन समितीने या शालेय वर्षात एवढा एक नियम अमलात आणावा.