वळिवडे छावणी : पाहुणचार आठवतो, अपराध विसरतो

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यासही स्तंभ उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास अभिवादन केले. अशा प्रसंगी करवीरनगरीच्या आदरातिथ्याचा गौरव होतो, व तो उचितच आहे. मात्र ही माणसे एवढ्या दूर का आली, हा प्रश्न भाषणांत क्वचितच उमटतो.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. फेब्रुवारी १९४० पासून कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात धाडण्यात आली. सोव्हिएत दप्तरांनुसारच ही संख्या तीन लाखांवर जाते. त्याच वसंत ऋतूत कातिन व अन्यत्र सुमारे २२,००० पोलिश बंदिवानांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि एप्रिलच्या हद्दपारीत अशा बंदिवानांचीच बायकामुले उचलली गेली. जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर १९४१ मध्ये यांची सुटका झाली व काही जण इराणमार्गे भारतात पोहोचले. कातिनची कबुली मॉस्कोने दिली ती एप्रिल १९९० मध्ये!

यास वंशसंहार म्हणावे काय? हा शब्द जपून वापरावा, असे आमचे मत आहे. तो घडविणारे राफाएल लेम्किन पोलंडचेच ज्यू कायदेपंडित. १९४४ साली त्यांच्या ग्रंथातून तो जगापुढे आला, तेव्हा वळिवड्याची छावणी नांदती होती. पोलंडमधील सुमारे तीस लाख ज्यूंची नाझींनी केलेली हत्या त्यात निःसंशय बसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारातून मात्र राजकीय गट वगळले गेले, आणि त्यामागे सोव्हिएत आग्रह होता. व्याख्या ठरविणाऱ्यांत आरोपीही बसला होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

छावणीच्या जागी पुढे सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. आज ती कापडाची मोठी बाजारपेठ आहे. छावणीतील त्या वेळची मुले आता ऐंशी-नव्वदीत आहेत. नाशिकहून शाळेची सहल रंकाळा, पन्हाळा पाहावयास गेली, तर शिक्षकांनी महावीर उद्यानातही थांबावे. तेथे १९४० ची मालगाडीही सांगावी. आणि एखाद्या मुलाने त्या मुलांच्या वडिलांविषयी विचारले, तर कातिनचे नाव घेण्यास कचरू नये.