भयसंज्ञा आणि येडशीचा वाघ

प्रत्येक संसारी जीवाला आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा असतात, असे जैन शास्त्र सांगते. यांपैकी भय देहात कसे संचारते, हे शरीरशास्त्राने बरेच उलगडले आहे. धोक्याची चाहूल लागताच मेंदू इशारा देतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आधी ॲड्रेनलिन, मग कॉर्टिसोल रक्तात सोडतात. हृदय धडधडते, रक्तातील साखर वाढते. क्षणभराचे हे भय प्राण वाचवते. तेच महिनोन्‌महिने टिकले, तर रोगप्रतिकारशक्ती आणि प्रजननक्षमता खालावते.

२०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात आला. मुलूख अनोळखी आणि मागावर त्याला पकडणारे पथक. इकडे जनावरे मारली गेल्याने गावेही धास्तावली. ज्याची गाय गेली त्या शेतकऱ्याच्या आणि त्या वाघाच्या रक्तातले कॉर्टिसोल मात्र एकच.

वाघाचा ताण मोजण्यास त्याला स्पर्शही करावा लागत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेतून तणाव-संप्रेरकांचे अंश मोजले. पर्यटकांच्या गाड्या धावत, त्या हंगामात ते अधिक भरले. जंगल पर्यटकांना बंद असताना कमी.