विश्लेषण : टायपिंगमुळे मनगट का दुखते? महागडा कीबोर्ड घेतल्याने त्रास थांबतो का?

राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला किमान ३० किंवा इंग्रजीत ४० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी रोज काही तास सराव करणारे उमेदवार, डीटीपी करणारे, न्यायालयांतील लघुलेखक आणि घरून लॅपटॉपवर काम करणारे अशा अनेकांची मनगटे आणि खांदे दुखतात. त्यावर उपाय म्हणून ‘एर्गोनॉमिक’ कीबोर्डची जाहिरात होते. मात्र किमतीपेक्षा कीबोर्ड हाताला आणि टेबलाला जुळतो का, हे अधिक महत्त्वाचे आहे.

दुखणे नेमके कशामुळे?

बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांचे दोरीसारखे कंडरे मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. त्याच बोगद्यातून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या काही भागाला संवेदना देणारी नसही जाते. मनगट वर उचललेले किंवा करंगळीच्या बाजूला वळलेले ठेवून सतत टायपिंग केले, की या भागावर ताण येतो. हजारो वेळा होणारी तीच हालचाल आणि विश्रांतीचा अभाव यांमुळे त्रास वाढतो.

लॅपटॉपवर त्रास जास्त का?

लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. कळा हाताच्या उंचीवर ठेवल्या तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर कळा वर जातात आणि खांदे उचलले जातात. त्यामुळे रोज चार-पाच तास काम असेल, तर लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर किंवा स्टँडवर ठेवून वेगळा कीबोर्ड व माऊस वापरणे हा सर्वात स्वस्त आणि परिणामकारक बदल ठरतो. साधा कीबोर्डही त्यासाठी पुरतो.

कीबोर्ड किती मोठा असावा?

उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असलेला पूर्ण कीबोर्ड साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे माऊस लांब जातो आणि उजवा हात सतत बाहेर ताणला जातो. हिशेबाचे काम नसेल तर आकड्यांचा गट नसलेला कीबोर्ड घ्यावा. माऊस काही सेंटिमीटर जवळ येतो.

कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडू नयेत. त्यामुळे मनगट अधिकच वर वाकते. कीबोर्ड सपाट असावा, कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल असावेत. मनगटाखालची गादी तळहात विसावण्यासाठी असते. टायपिंग करताना मनगट तिच्यावर दाबून ठेवू नये.

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का?

साध्या मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये कळांखाली रबराचा थर असतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र स्विच असतो आणि कळ पूर्ण तळाला जाण्याआधीच अक्षर उमटते. सवय झाल्यावर कमी जोरात टायपिंग करता येते. हलक्या समजल्या जाणाऱ्या लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम जोर लागतो. निळे स्विच खटखट आवाज करतात, त्यामुळे ते कार्यालयात शेजाऱ्यांना नकोसे होतात. मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो, हेही लक्षात ठेवावे. टेबल आधीच उंच असेल तर फायद्याऐवजी तोटा होतो.

दोन भागांत विभागलेला कीबोर्ड उपयोगी का?

अशा कीबोर्डमुळे हात खांद्यांच्या रेषेत राहतात आणि मनगट बाहेर वळत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीच त्रास असलेल्या ८० संगणक वापरकर्त्यांना सहा महिने वेगवेगळे कीबोर्ड देण्यात आले. त्यांपैकी विभागलेल्या कळांच्या एका प्रकाराने वेदना कमी झाल्याचे आढळले. मात्र कार्पल टनेल सिंड्रोमवरील उपचार म्हणून अशा साधनांचा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१२ मधील कॉक्रेन आढाव्याने काढला. म्हणजेच हा कीबोर्ड ताण कमी करू शकतो, पण त्याला औषध समजू नये.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. केंद्रावर सहसा साधाच कीबोर्ड समोर येतो. वेगळ्या रचनेची सवय लागली तर ऐन वेळी वेग कमी होऊ शकतो.

मराठी टायपिंगसाठी वेगळे काय पाहावे?

भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट असलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यामुळे काम दोन्ही हातांत विभागले जाते. मात्र ख, घ, थ, ध, भ यांसारखी अक्षरे शिफ्ट दाबून उमटतात. ‘स’च्या कळेवर ‘श’, ‘ल’च्या कळेवर ‘ळ’ आणि ‘म’च्या कळेवर ‘ण’ असतो. ‘शाळा’ हा एक शब्द लिहिताना दोनदा शिफ्ट दाबावे लागते. हा सगळा भार करंगळीवर येतो.

म्हणून दोन्ही बाजूंची शिफ्ट कळ पूर्ण आकाराची आहे ना, हे खरेदीपूर्वी पाहावे. अनेक छोट्या कीबोर्डमध्ये उजवी शिफ्ट आखूड असते. अक्षर ज्या हाताने दाबायचे, त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट वापरावी. करंगळी दुखत असेल तर विंडोजमधील ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू करावी. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे हात मोकळे केल्यावर साधा थकवा उतरतो. मात्र रात्री मुंग्यांनी जाग येणे, बोटे बधिर होणे किंवा हातातून वस्तू निसटणे ही लक्षणे नसेवर दाब असल्याची असू शकतात. अशा वेळी नवा कीबोर्ड मागवून वाट पाहू नये, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. दाब दीर्घकाळ राहिला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू कमजोर होतात आणि ती ताकद पूर्णपणे परत येईलच असे नाही.