पैसा मायक्रोमीटरवर घाला

दांड फाट्यावरून निघून लोधिवली, चौक, खालापूर मागे टाकत खोपोलीपर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गेले की मोठ्या कारखान्यांच्या पाट्या डोळ्यांत भरतात. त्या कारखान्यांच्या आधाराने जगणारी छोटी वर्कशॉप मात्र रस्त्यावरून दिसत नाहीत. पत्र्याचे छप्पर, एक-दोन लेथ, एक ड्रिल, जमल्यास जुने मिलिंग मशीन आणि तीन-चार माणसे, एवढाच त्यांचा पसारा. रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आली, खोपोलीत महिंद्र युजिनचे पोलाद तयार होऊ लागले, १९८०च्या दशकात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर प्रकल्प उभा राहिला आणि त्यामागून औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायनाचा कारखाना म्हणजे पंपांचा कारखाना. पंप आला की शाफ्ट, स्लीव्ह, बेअरिंगची सीट आणि सील आले. रात्री पंप बसला की सकाळी त्याचा झिजलेला शाफ्ट अशाच एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडतो.

आयटीआय करून, चार वर्षे कुणाकडे टर्नर म्हणून राबून आता स्वतःचा लेथ टाकू पाहणारी मुले मला नेहमी एक प्रश्न विचारतात : डिजिटल कॅलिपर हजारवाला घेऊ की आठ हजारवाला? मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत दोन्ही मिळतात. दोन्हींच्या पडद्यावर दोन दशांश स्थळे दिसतात, दोन्ही १५० मिलिमीटरपर्यंत मोजतात. मग सात हजार कशाचे?

माझे उत्तर ठरलेले आहे. कॅलिपर साधाच घे, वाचलेले पैसे मायक्रोमीटरवर घाल. त्यातूनही चार पैसे उरले तर ती दोन्ही साधने खरे बोलतात की नाही हे पाहण्याच्या सोयीवर खर्च कर. आपल्या भागात हे नेमके उलटे होते. दुकानाची शोभा म्हणून कॅलिपर जपानी घेतला जातो आणि मायक्रोमीटर मिळेल त्या किमतीचा, मिळेल त्या नावाचा.

आपल्याकडचे रोजचेच काम घेऊ. पंपात ६२०५ नंबरचे बेअरिंग बसवायचे आहे. त्याचे आतले भोक २५ मिलिमीटरचे. सर्वसाधारण भाराच्या बेअरिंगसाठी शाफ्टवर के६ हे फिट सांगितलेले असते. याचा अर्थ शाफ्टचा व्यास २५.००२ ते २५.०१५ च्या दरम्यान यायला हवा, म्हणजे खेळायला जागा अवघी १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शाफ्ट त्याखाली गेला तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकू लागते, सीट खाते, पंप थरथरतो. वर गेला तर रिंग ताणली जाते, आतले क्लिअरन्स संपते आणि बेअरिंग तापून जाते.

आता कॅलिपर पाहा. जपानच्या मितुतोयो कंपनीच्या उत्तम डिजिटल कॅलिपरचीही कंपनीने दिलेली अचूकता आहे अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर. म्हणजे त्याची स्वतःची चूक एका बाजूला २० मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते आणि आपल्याला पकडायचे आहेत १३. पडद्यावर ०.०१ दिसते म्हणून ०.०१ मोजले जाते, असे होत नाही. यात कंपनीचा दोष नाही, दोष रचनेचा आहे. कॅलिपरमध्ये पट्टी एका रेषेत आणि जॉब त्या रेषेच्या बाहेर, जबड्यांमध्ये असतो. सरकता जबडा किंचित कलला की वाचन बदलते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८९०च्या सुमाराला हेच सांगितले होते : मापाची पट्टी आणि मोजायची वस्तू एका रेषेत असावी. मायक्रोमीटर हा नियम पाळतो, कारण त्याचा स्क्रू आणि जॉब एकाच अक्षावर असतात. म्हणूनच ० ते २५च्या चांगल्या मायक्रोमीटरची चूक दोन मायक्रॉनच्या आत राहते आणि जर्मन डीआयएन ८६३ या मानकानुसार ती चारपर्यंत चालते. तेरा मायक्रॉनची जागा पकडायला हेच साधन हवे. आठ हजारांचा कॅलिपर हे काम करू शकत नाही आणि हजाराचाही करू शकत नाही.

मग कॅलिपर कशाला लागतो? लांबी, पायरी, रफ कट, कीवेची खोली, बाजारातून आणलेल्या गोळ्याचा व्यास. दिवसातली बरीचशी मापे असलीच असतात आणि तिथे पाच शतांशांनी काही बिघडत नाही. साधा, ०.०२ लीस्ट काउंटचा, बॅटरी नसलेला व्हर्नियर तिथे उत्तम. आयटीआयमध्ये तो वाचायला शिकवतात तो उगाच नाही. डिजिटलच हवा असेल तर स्वस्तातल्याची दोन दुखणी माहीत असू द्या. एक म्हणजे तो बंद केला तरी आतून बॅटरी खात राहतो. त्यात एसआर४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल घाला, कारण एलआर४४ या अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरत जातो आणि आकडे उड्या मारू लागतात. दुसरे दुखणे ओलाव्याचे. पट्टीवर कूलंटचा थेंब किंवा घामाचा हात लागला की साधा कॅलिपर चुकीचे वाचन देतो आणि चुकले आहे हे सांगत नाही. पाणी आत न घेणारे आयपी६७ दर्जाचे महाग कॅलिपर इथे खरोखर वेगळे ठरतात. तुमच्या मशीनवर दिवसभर कूलंट उडत असेल तर त्या महाग कॅलिपरला माझा विरोध नाही.

महाग मायक्रोमीटरमध्ये पैसा जातो तो कशात, हे डोळ्यांना दिसत नाही. तो जातो कडक करून ग्राइंड केलेल्या स्क्रूत, घासून आरशासारख्या केलेल्या दोन टोकांत, प्रत्येक वेळी सारखाच दाब देणाऱ्या रॅचेटमध्ये. नवा असताना स्वस्त मायक्रोमीटरही शून्य बरोबर दाखवतो. फरक वर्षभराने कळतो. आपण दिवसभर २०-२२च्या आसपासचेच शाफ्ट मोजत असलो तर स्क्रू तेवढ्याच जागी झिजतो. शून्य तपासले की ठीक दिसते, पण २१ वर तो खोटे बोलत असतो. म्हणून जाणकार लोक मायक्रोमीटर तपासताना ५, १०, १५ अशी गोल मापे घेत नाहीत. २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशी अडनिडी मापे घेतात. स्क्रूची पिच अर्ध्या मिलिमीटरची असते. पूर्ण मिलिमीटरवर थिंबल नेहमी एकाच जागी येऊन थांबते, त्यामुळे फेऱ्याच्या आतली चूक लपून राहते. अडनिड्या मापांवर ती उघडी पडते. ही तपासणी करायला स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे लागतात. पूर्ण संच छोट्या वर्कशॉपला परवडत नाही, पण चार-पाच मोजक्या मापांचे सुटे तुकडे परवडतात.

तेही नसतील तर निदान कॅलिपरसाठी एक घरचा उपाय सांगतो. चांगल्या कंपनीचे नवे, न वापरलेले ६२०५ बेअरिंग पाकिटातच जपून ठेवा. त्याचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो आणि साधारण वर्गातही तो उणे १३ मायक्रॉनच्या पलीकडे जात नाही. तुमच्या कॅलिपरने तिथे ५१.९९ किंवा ५२.००च्या आसपास दाखवायला हवे, जबड्याच्या टोकाशीही आणि मुळाशीही. टोकाशी एक आणि मुळाशी दुसरे येत असेल तर जबडा ढिला झाला आहे किंवा झिजला आहे. जबडे मिटून उजेडासमोर धरले की फट दिसते, हेही रोजच्या रोज पाहावे. मायक्रोमीटर तपासायला मात्र बेअरिंग पुरत नाही.

महाग साधनावरचा आंधळा विश्वास किती महागात पडू शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण हबल दुर्बिणीचे आहे. २४ एप्रिल १९९० रोजी ती अवकाशात गेली आणि दोन महिन्यांत कळले की चित्रे धूसर येत आहेत. २.४ मीटरचा तिचा आरसा कमालीचा गुळगुळीत होता, पण आकार चुकला होता : कडेला सुमारे दोन मायक्रॉनने अधिक सपाट. चूक शिरली होती ती आरसा तपासणाऱ्या उपकरणातून. त्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. भिंगाचे अंतर ज्या दांड्यावरून ठरवायचे, त्याच्या टोकावर एक टोपण होते. टोपणावरचा रंग खरवडला गेला होता आणि मोजणारा प्रकाश दांड्याच्या टोकावरून परतण्याऐवजी त्या उघड्या धातूवरून परतला. याहून महत्त्वाचे पुढे आहे. त्याच आरशाची तपासणी दुसऱ्या, कमी अचूक समजल्या जाणाऱ्या उपकरणांनीही झाली होती आणि त्यांनी काहीतरी बिनसल्याचे दाखवलेही होते. ते वाचन बाजूला सारले गेले, कारण महागडे उपकरण वेगळे सांगत होते. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर पाठवून दुर्बिणीची दृष्टी सुधारावी लागली.

दोन साधने दोन आकडे सांगू लागली की थांबावे. कंपनीचे नाव पाहून निवाडा करू नये. तिसऱ्या, खात्रीच्या मापाशी दोन्ही जुळवून पाहावीत.

आता उन्हाळ्याचे. जगभरात मापाचे तापमान २० अंश धरलेले आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सहज ३५च्या वर जाते. पोलादाचा जॉब आणि पोलादाचे साधन दोन्ही सारखेच फुगत असल्याने आपण बऱ्याच अंशी बचावतो. ॲल्युमिनियमच्या जॉबला ही सूट नाही, कारण ते पोलादाच्या दुपटीने फुगते. सगळ्यात जास्त घात होतो तो गरम जॉबवर. ५० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट लेथवरून उतरताना ६० अंशांवर असला आणि शेड ३० अंशांवर असली, तर तो निवल्यावर सुमारे १७ मायक्रॉन आक्रसतो. त्या व्यासाला सहाव्या ग्रेडची (के६ मधला ६ तो हाच) सगळी सूटच १६ मायक्रॉनची आहे. बरोबर मोजलेला शाफ्ट सकाळी कमी भरतो आणि दोष टर्नरच्या हाताला लागतो. जॉब पाण्यात बुचकळू नका, निवू द्या. मायक्रोमीटरही फ्रेमच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरच धरा, ती पट्टी हाताची ऊब स्टीलपर्यंत पोहोचू नये म्हणून लावलेली असते.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. माथेरानच्या पायथ्याचा हा पट्टा जूनपासून चार महिने ओलाच असतो. मायक्रोमीटरची दोन्ही टोके मिटवून ठेवली की त्यांच्यात ओल अडकते आणि तिथेच गंज धरतो. टोकांत थोडी फट ठेवा, पातळ तेलाचा हात फिरवा आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. महाग साधन गंजत नाही हा समज काढून टाका.

नावाचा विचार करताना एक सावधगिरी बाळगा. मितुतोयोच्या नावाने नकली कॅलिपर बाजारात भरपूर फिरतात, खोका आणि अक्षरे हुबेहूब असतात. निम्म्या किमतीत मितुतोयो मिळत असेल तर तो मितुतोयो नाही असेच धरा. त्यापेक्षा इनसाइजसारखा मधल्या किमतीचा, स्वतःच्या नावाने विकला जाणारा माल किंवा पुण्याच्या बेकरचा डायल गेज अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला केव्हाही बरा. घेताना मायक्रोमीटरला आयएस २९६७ आणि व्हर्नियरला आयएस ३६५१ या भारतीय मानकांची विचारणा करा. विक्रेता गोंधळला तर दुसरे दुकान गाठा.

साधन कितीही चांगले असले तरी वर्षातून एकदा एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मुंबईतल्या चुनाभट्टीची आयडीईएमआय ही सरकारी संस्था हे काम करते. तिथल्या मोजमापाचा धागा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकापर्यंत जातो. खालापुरातून मुंबईला जायचा खर्च आणि फी मिळूनही एका रिजेक्ट झालेल्या स्टेनलेस स्टीलच्या शाफ्टपेक्षा स्वस्त पडते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट साधनांची नाहीच. जॉब रिजेक्ट होऊन परत आला की कित्येक ठिकाणी त्याचे पैसे टर्नरच्या पगारातून कापले जातात. त्याच्या हाती दिलेला मायक्रोमीटर शेवटचा कधी तपासला, हे कुणी विचारत नाही. पाच वर्षे न तपासलेल्या साधनाने माणसाकडून १३ मायक्रॉनची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. पैसे कापण्याआधी मालकाने त्याच मायक्रोमीटरखाली स्लिप गेज ठेवून पाहावे.

पाताळगंगा, रसायनी आणि खोपोलीच्या कारखान्यांतल्या मेंटेनन्स विभागांनाही एक विनंती आहे. नुसता जुना शाफ्ट आणि ‘असाच करून द्या’ असा निरोप पाठवू नका. झिजलेल्या शाफ्टवरून मूळ माप कळत नाही. कागदावर व्यास आणि टॉलरन्स लिहून द्या. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे मापनाची स्वतंत्र खोली आणि स्लिप गेजचा संच आहे, त्यांनी महिन्यातला एक दिवस आपल्या जॉबवर्क करणाऱ्यांसाठी ती खोली उघडावी, त्यांचे मायक्रोमीटर तिथे तपासू द्यावेत. खर्च जवळपास काही नाही आणि परत येणारे जॉब कमी होतील, ते तुमचेच असतील.