आत्याच्या लॅपटॉपवरचे बिनबोलावलेले पाहुणे



दोन महिन्यांपूर्वी माझ्या आत्याने जाहीर केलं, की ती शनिवारचा वर्ग बंद करणार. आत्या दांडिया बाजारात राहते, वय 68, सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. गेली चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला ती लॅपटॉपसमोर बसते आणि सात मुलांना बाराखडीपासून वाचायला शिकवते. मुलं आपल्याच घरांतली. कुणी बंगळुरूला, कुणी हैदराबादला, दोघं टोरांटोला; तिथे तेव्हा सकाळ असते, त्यामुळे ती दोघं नाइटड्रेसमध्येच बसतात. वडोदऱ्याच्या आजीशी फोनवर मराठी बोलतात सगळी, पण आजीने लिहिलेलं पत्र वाचता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

"का गं बंद करतेस?" मी विचारलं.

"माझे हात आणि डोकं, दोन्ही आता चालत नाहीत. साधा धडा पडद्यावर आणायला मला पाच मिनिटं लागतात. पोरं ताटकळत बसतात बिचारी. त्यांच्या आयाही काही बोलत नाहीत, पण मला कळतं ना."

त्या शनिवारी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. सात वाजून दहा मिनिटांनी तिने बटण दाबलं. माउस धड हलायला लागेपर्यंत सात एकोणीस झाले. मग तिने धड्याच्या फाइलवर क्लिक केलं. काहीच नाही. पुन्हा केलं. पुन्हा. मग एकदम पाच वेळा तीच फाइल उघडली, आणि आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, म्हटलं ना, मला जमत नाही आता."

हात तिचे अगदी ठीक होते. तिने पहिल्याच क्लिकमध्ये काम बरोबर केलं होतं. लॅपटॉपला ते ऐकायला फुरसत नव्हती.

दुकानदाराला आधीच विचारून झालं होतं. त्याने झाकण न उघडताच निकाल दिला होता, "बेन, आ हवे जूनुं थयुं, नवुं लई लो." जुना तो आहेच. 2017 साली माझ्या आतेभावाच्या कॉलेजसाठी घेतलेला, 4 जीबी रॅम, आत फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज 10. पण जुना असणं वेगळं आणि अंगावर ओझं घेऊन चालणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चहा घेऊन बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी आली तर खाली 'मोर डिटेल्स'वर क्लिक करायचं. प्रोसेसेसच्या पानावर त्या क्षणी आत काय काय चाललंय ते दिसतं. आत्याने एकही प्रोग्राम उघडलेला नव्हता, तरी डिस्कच्या रकान्यात 100 टक्के आणि मेमरीच्या रकान्यात 87 टक्के.

आत्याला मी स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा असेल तर काम भराभर होतं. ओटा भरला की एक डबा माळ्यावर ठेवायचा, दुसरा काढायचा, आणि प्रत्येक वेळी शिडी लावायची. विंडोज नेमकं हेच करतं; रॅम पुरेना झाली की काही मजकूर डिस्कवर हलवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. फिरणाऱ्या डिस्कवर ही शिडी फार हळू चढली जाते. "पण ओट्यावर मी काही ठेवलंच नाही," आत्या म्हणाली. बरोबर. म्हणून मग 'स्टार्टअप'चं पान उघडलं.

तिथे 19 नावं होती. बटण दाबल्याबरोबर आपणहून सुरू होणारी 19 मंडळी, आणि त्यांतलं एकही आत्याने बोलावलेलं नव्हतं. आतेभावाचा गाण्यांचा प्रोग्राम, त्याचे दोन खेळ (तो 2020 पासून नोकरीला आहे), गप्पांची दोन ॲप, मीटिंगचं एक, कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस, तीन वेगवेगळे 'अपडेटर', आणि एक 'कॉम्प्युटर फास्ट करून देतो' म्हणणारा महाभाग, जो स्वतःच सगळ्यांत जास्त खात होता. या शेवटच्या जातीपासून जपा. लॅपटॉप हळू झाला म्हणून माणूस असलं काही उतरवतो आणि ओट्यावर आणखी एक डबा येतो.

ही मंडळी येतात कुठून? एखादा प्रोग्राम बसवताना आपण पटापट 'नेक्स्ट, नेक्स्ट' करतो, तेव्हा 'विंडोजबरोबर सुरू करा' या चौकटीत आधीच खूण केलेली असते. आपण ती काढत नाही, एवढंच.

प्रत्येक नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे सुरू होताना ते किती भार टाकतं. ज्यांच्यापुढे 'हाय' होतं तिथून सुरुवात केली. नावावर राइट क्लिक, मग 'डिसेबल'. आत्या घाबरली, "अगं, त्याचं काही जाईल!" काही जात नाही. डिसेबल म्हणजे प्रोग्राम काढून टाकणं नव्हे. तो घरातच असतो, बोलावलं की येतो. फक्त सकाळी दार उघडायच्या आत ओट्यावर येऊन बसत नाही. प्रोसेसेसच्या पानावरचं 'एंड टास्क' मात्र वेगळं. त्याने चालू काम तिथल्या तिथे थांबतं आणि न साठवलेलं जातं. शिवाय विंडोजची स्वतःची कामंही त्याच यादीत असतात. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका, आधी शोधून बघा.

दोन गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या. अँटिव्हायरस, आणि फोटो ऑनलाइन साठवणारं ॲप, कारण त्यात काकांचे शेवटचे फोटो आहेत आणि ते बंद केलं तर नव्या फोटोंची प्रत जाणं थांबेल. बाकी सगळं धडाधड डिसेबल केलं, आणि तिथेच माझं चुकलं.

सोमवारी सकाळी सव्वासातला फोन. "मराठी गेली!" आत्या मराठी टाइप करायला एक छोटा प्रोग्राम वापरते. तो घड्याळाशेजारी गुपचूप बसून असतो आणि स्टार्टअपमधूनच सुरू होतो. नाव इंग्रजी, आद्याक्षरांचं; मला तो आणखी एक अपडेटर वाटला होता. म्हणजे मराठीच्या वर्गासाठी लॅपटॉप हलका करायला गेले आणि मराठीच घालवली! फोनवरच तिला पुन्हा स्टार्टअपच्या पानावर नेलं, राइट क्लिक, 'एनेबल', रीस्टार्ट. ते तिने स्वतः केलं. तेव्हापासून माझा नियम असा, की एका वेळी दोन-तीनच बंद करायचे, एक दिवस वापरून बघायचं, आणि काय बंद केलं ते वहीत लिहायचं. वही आता आत्याने घातली आहे, मागच्या पानावर दुधाचा हिशोब.

आणखी एक शोध लागला तो मला स्वतःलाही चकित करणारा. आत्या रोज रात्री न चुकता 'शट डाउन' करते. तरी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, सीपीयूच्या खाली, 'अप टाइम' दिसत होता 41 दिवस. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे सकाळी लवकर सुरू होता यावं. खरीखुरी नवी सुरुवात होते ती 'रीस्टार्ट'ने. आता दर शनिवारी दुपारी ती एकदा रीस्टार्ट करते.

क्रोमचंही एक आहे. खिडकी बंद केली तरी तो मागे जागा राहू शकतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली, क्रोम बंद असतानाही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवण्याची परवानगी असते, ती काढली.

एवढं झाल्यावर नऊ मिनिटांची साडेतीन मिनिटं झाली. खरं सांगायचं तर यापुढे नुसत्या साफसफाईने फरक पडला नसता. ओटाच लहान होता. आतेभावाने पैसे पाठवले, फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम 8 जीबी केली. आता अर्ध्या मिनिटात लॅपटॉप तयार. दुकानदार तोच होता, पण या वेळी त्याने झाकण उघडलं.

एक काळजी मात्र उरते. विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि हा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. म्हणून बँकेचं काम आम्ही त्यावरून पूर्ण काढून घेतलं. वर्ग आणि धडे एवढंच त्याचं काम. नवीन घ्यायचा विषय दिवाळीला काढू.

परवाच्या शनिवारी मी मुद्दाम गेले. सात पंचवीसला आत्या धडा उघडून, चष्मा पुसून तयार. टोरांटोची दोघं साडेसातला आली नाहीत, सात पस्तीसला आली, केस विंचरता विंचरता. आत्याने त्यांना उशिराबद्दल चांगलंच झापलं.