अभिधा परक्यांची, लक्षणा आपल्यांची

राजकीय भाषणांची पातळी घसरली, ही तक्रार मराठी साहित्यव्यवहारात आता इतकी रूढ झाली आहे की तिच्याकडे विधान म्हणून न पाहता शिष्टाचार म्हणूनच पाहावे लागते. संमेलनांच्या व्यासपीठांवरून आणि परिसंवादांच्या समारोपांतून ती उच्चारली जाते व श्रोते माना डोलावतात. या तक्रारीत एक गृहीत दडलेले आहे. दोष शब्दांत आहे आणि ते शब्द ऐकणारे आपण मात्र त्या दोषापासून अलिप्त आहोत, असे हे गृहीत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या विरोधी आहे. राजकीय भाषेचे दुखणे बोलण्यात आहे त्याहून अधिक वाचण्यात आहे; आणि वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, त्या समीक्षकांनी ते दुखणे बरे करण्याऐवजी अंगीकारले आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे पालघर लोकसभा मतदारसंघात २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक झाली. राज्यात व केंद्रात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिवसेना हे पक्ष येथे परस्परांविरुद्ध उभे होते. काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपचे उमेदवार झाले, तर वनगा यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेचे. वसई-विरार पट्ट्यातील उत्तर भारतीय मतदारांना डोळ्यांसमोर ठेवून योगी आदित्यनाथ यांची सभा विरारला झाली. तेथे त्यांनी पायातील पादत्राण न काढता शिवछत्रपतींच्या प्रतिमेला हार घातला असा आक्षेप घेऊन, त्याच पादत्राणाने त्यांना मारावेसे वाटले, अशा आशयाचे उद्गार उद्धव ठाकरे यांनी काढले. याच प्रचारात देवेंद्र फडणवीस यांची एक ध्वनिफीत ठाकरे यांनी सभेत ऐकवली. तीत 'साम, दाम, दंड, भेद' हे शब्द होते. ते उघड धमकीचे शब्द आहेत, असे ऐकवणाऱ्यांचे म्हणणे. तर ध्वनिफीत अर्धवट आहे आणि त्या शब्दांचा रोख कूटनीतीकडे होता, असा फडणवीस यांचा खुलासा.

तीन वर्षांनी पारडे फिरले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी महाड येथे, मुख्यमंत्रिपदी असलेल्या ठाकरे यांच्या कानशिलात लगावण्याची भाषा केली. गुन्हे नोंदले गेले, २४ ऑगस्टला राणे यांना संगमेश्वर येथे ताब्यात घेतले गेले आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. तेव्हा भाजपने २०१८ मधील पादत्राणाचे उद्गार उकरून काढून प्रतितक्रारी केल्या. ज्यांना २०१८ मध्ये पादत्राण हा केवळ अलंकार वाटला होता, त्यांना २०२१ मध्ये कानशिलात हे शस्त्र वाटले. आणि ज्यांना पूर्वीचे शस्त्र दिसले होते, त्यांना आता ग्रामीण वळणाचा वाक्प्रचार दिसू लागला. दरम्यान, २०१९ च्या निवडणुकीत तेच गावित शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहून निवडून आले होते. पक्ष बदलला तसे त्यांच्याविषयीच्या विशेषणांचे अर्थही बदलले.

या व्यवहाराचे वर्णन करण्यासाठी नवी परिभाषा घडवण्याची गरज नाही. आपल्या काव्यशास्त्राने ती फार पूर्वी दिली आहे. आपल्या बाजूच्या वक्त्याचा शब्द आपण लक्षणेने घेतो, व्यंजनेने खुलवतो, प्रसंगी त्यात विनोद शोधतो. परक्याचा तोच शब्द अभिधेने, कोशातल्या पहिल्या अर्थाने घेतो आणि पंचनाम्याला बसतो. ज्याला दुटप्पीपणा म्हणतात तो नीतीचा प्रश्न आहेच. परंतु त्याआधी तो अर्थग्रहणाचा प्रश्न आहे. एकाच वाचकाकडे दोन व्याकरणे आहेत आणि कोणते केव्हा उघडायचे, हे संहिता ठरवत नाही, वक्त्याच्या खांद्यावरचे उपरणे ठरवते.

लक्षणेला अटी आहेत, याचे विस्मरण दोन्ही बाजूंना सोयीचे ठरते. मुख्यार्थाचा बाध झाला पाहिजे, लक्ष्यार्थाशी त्याचा संबंध असला पाहिजे, आणि रूढी अथवा प्रयोजन यांपैकी एक आधार असला पाहिजे. यांतील पहिली अट राजकीय भाषेत निर्णायक आहे. 'मारीन' या शब्दाचा मुख्यार्थ बाधित आहे असे आपण तेव्हाच म्हणू शकतो, जेव्हा तो ऐकून कोणी मारायला जात नाही. राणे यांच्या उद्गारांनंतर नाशिकमध्ये भाजपच्या कार्यालयावर दगड पडले आणि मुंबईत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते परस्परांना भिडले. म्हणजे शाब्दिक चपराकेविरुद्धची तक्रार खऱ्या दगडांनी मांडली गेली. ज्या पक्षाच्या अनुयायांना मुख्यार्थ इतका सहज आचरता येतो, त्या पक्षाच्या नेत्याला 'मी लाक्षणिक बोललो' हा बचाव उपलब्ध राहत नाही. मग तो पक्ष कोणताही असो.

याहून कठोर उदाहरण पालघर शहराचे आहे. बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाल्यानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने समाजमाध्यमावर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाईकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या ओळींत कोणालाही मारण्याची भाषा नव्हती. चार दशके महाराष्ट्राने ज्या पक्षाची ठोकशाहीची भाषा 'ठाकरी शैली' म्हणून कौतुकाने ऐकली, त्याच्या अनुयायांना एक साधा प्रश्न अभिधेनेही सोसवला नाही. आणि अटक करणारे पोलीस शिवसेनेच्या सरकारचे नव्हते. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीची सत्ता होती. ज्या कलम ६६-अ खाली ही कारवाई झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. तरीही मे २०२२ मध्ये, शरद पवार यांच्यावरील एक पद्यमय मजकूर प्रसृत केला म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांना महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. तो मजकूर असभ्य होता, असे म्हणता येईल. परंतु असभ्य पद्याला तुरुंग हे उत्तर असेल तर मराठीतील उपहासपर वाङ्मयाचा मोठा भाग आपल्याला जामिनावर वाचावा लागेल. पालघरच्या तरुणींसाठी ज्यांनी लेखण्या उचलल्या, त्यांतील किती जणांनी त्या वेळी उचलल्या, हे ज्याने त्याने स्वतःशी मोजावे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो क्षुल्लक नाही. वक्ता बदलला की अर्थ बदलतो, हे तर मम्मटानेच सांगितले आहे. वक्ता, बोद्धव्य, काकू, प्रकरण, देश, काळ यांच्या वैशिष्ट्याने व्यंग्यार्थ उमगतो. मग वक्ता पाहून अर्थ लावला तर बिघडले कोठे? उत्तर असे की, वक्त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा पक्ष नव्हे. त्याच्या हाती दंडशक्ती आहे का, त्याच्या शब्दावर उठणारा जमाव समोर उभा आहे का, तो आज्ञा देतो आहे की शाप, हे वक्तृवैशिष्ट्य होय. बेदखल झालेल्या शेतकऱ्याने दिलेली शिवी आणि गृहखाते सांभाळणाऱ्याने दिलेली शिवी कोशात एक असल्या तरी व्यवहारात एक नाहीत. हा भेद जरूर करावा. अट एवढीच की, उद्या सत्तापालट झाल्यावरही तो तसाच करता आला पाहिजे.

राज्यसंस्था स्वतः अभिधावादी झाली की काय होते, हे मराठी वाचकाला शिकवावे लागू नये. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, इतका विस्तृत अर्थ लावला आणि टिळकांना शिक्षा झाली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील लेखांसाठी टिळक पुन्हा न्यायालयात उभे राहिले, तेव्हा सुमारे २१ तासांच्या भाषणात त्यांनी सरकारी भाषांतरांतील विपर्यासावर बोट ठेवले. ज्युरीतील बहुसंख्य युरोपीय सदस्यांना मराठी येत नव्हते. टिळकांची ती मागणी मुळात वाचनपद्धतीची होती : शब्द प्रकरणासह वाचा. ती फेटाळली गेली आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जो समाज त्या निकालाला अन्याय मानतो, त्याने आपल्या विरोधकाचे वाक्य प्रकरणातून तोडून फिर्याद करणे हा टिळकांचा नव्हे, स्ट्रॅची यांचा वारसा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयाने अधिक स्पष्टपणे हाताळला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६६ मध्ये, वॉशिंग्टनमधील एका सभेत अठरा वर्षांच्या युवकाने असे म्हटले की, हाती बंदूक दिलीच तर पहिला नेम आपण राष्ट्राध्यक्षांवर धरू. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खरी धमकी न मानता राजकीय अतिशयोक्ती मानली. विधान सशर्त होते, संदर्भ निषेधाचा होता, श्रोते हसले होते. अतिशयोक्ती हा अलंकार तेथे कायद्याच्या भाषेत आला, ही गोष्ट अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. परंतु न्यायालयाला जे उमगले ते पक्षांना उमगले नाही. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनांत जाळपोळ झाली, तेव्हा एका बाजूला केवळ आग दिसली आणि दुसरीला केवळ वेदना. ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसद भवनात घुसला, तेव्हा दोन्ही बाजूंनी चष्मे बदलले. कायदा-सुव्यवस्थेचा जप करणाऱ्यांना घुसखोरांत देशभक्त दिसले. निषेधाच्या संतप्त भाषेला कालपर्यंत समजून घेणाऱ्यांना समोरच्याचे प्रत्येक रूपक कटाचा पुरावा वाटू लागले. दोन्ही घटना सारख्याच होत्या असे मुळीच नाही. निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब होत असताना संसद रोखणे हे वेगळे आणि अधिक गंभीर कृत्य आहे. पण तो फरक सिद्ध करायचा तर दोन्हींना एकच फूटपट्टी लावावी लागते.

आता आपल्या घराकडे वळू. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. 'सुवार्ता'चे दीर्घकालीन संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, हरित वसईच्या आंदोलनाचे नेते अशा लेखकाची पुस्तके बाजूला ठेवून त्यांचा झगा वाचला गेला. हे निंद्यच होते. पण त्यांचा बचाव करणाऱ्यांपैकी अनेकांनीही झगाच वाचला. फक्त त्यावर सर्वधर्मसमभावाचे प्रमाणपत्र चिकटवले. त्यांच्या गद्याची, त्यांच्या बायबलच्या मराठीची सविस्तर चिकित्सा त्या गदारोळात कोणी केली? २००९ मध्ये आनंद यादव यांना 'संतसूर्य तुकाराम'वरून राजीनामा द्यावा लागला आणि महाबळेश्वरचे संमेलन अध्यक्षाविना भरले. २०१९ मध्ये यवतमाळला नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. या तिन्ही प्रसंगी आपल्या साहित्यसंस्थांनी प्रथम विचारले ते एवढेच : विरोध करणारे कोण? तत्त्व नंतर शोधले गेले.

शासनाच्या बाबतीतही हेच. जेम्स लेन यांच्या पुस्तकावर २००४ मध्ये बंदी घातली ती काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला तो शिंदे-फडणवीस सरकारने. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकातील व्याख्या मोघम आहेत, हा विरोधकांचा आक्षेप योग्य आहे. पण ज्यांच्या राजवटीत एका पद्यासाठी अभिनेत्री कोठडीत राहिली, त्यांच्या तोंडी तो आक्षेप येतो तेव्हा त्याचे वजन घटते, आणि तोटा आक्षेपाचा होतो, सरकारचा नव्हे. पक्षपाती वाचनाची खरी किंमत ही आहे. त्याने खोटे खपते यापेक्षा खरे निष्प्रभ होते, ही हानी मोठी आहे.

समीक्षकाने पक्ष घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. आणीबाणीत, १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी पक्ष घेतलाच होता. तो लेखनस्वातंत्र्याचा होता आणि त्याची किंमत त्यांनी कारावासाने मोजली. समीक्षकाने घेऊ नये ती वाचनाची दुहेरी मुभा. कोणत्याही प्रक्षोभक वाक्याचा अर्थ जाहीर करण्यापूर्वी वक्त्याचे नाव बदलून ते पुन्हा वाचावे. लक्षणा मान्य केली तर मुख्यार्थबाध दाखवावा. शब्दांमागे दंडशक्ती किती, हे सांगावे. आणि तोच निकष मागील सत्ताकाळातील एका उदाहरणाला लावून दाखवावा. पदव्युत्तर वर्गांत आपण विद्यार्थ्यांना शब्दशक्ती शिकवतो त्या अभिजात श्लोकांवर. त्याच शब्दशक्ती विरारच्या सभेवर आणि महाडच्या पत्रकार परिषदेवर शिकवल्या, तर काव्यशास्त्राचा मान कमी होणार नाही. उलट ते शास्त्र कशासाठी होते, हे विद्यार्थ्यांना प्रथमच कळेल.