मामाला सांगायचं कोणी?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जळगाव जामोदला कापसाची वेचणी जोरात होती आणि माझ्या मामाला वावरातच फिट आली. वय 48, बीपी नाही, शुगर नाही. अकोल्याला एमआरआय झाला आणि संध्याकाळी रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाईलवर आला, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. त्यात 'मेनिन्जिओमा' असं लिहिलं होतं. मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ. ऑपरेशन लागणार होतं. अर्ध्या तासात घरात ठराव पास झाला, "त्याईले काही सांगू नका."

(मामा आता घरी आहे आणि सगळ्यांवर चिडचिड करतो. म्हणजे ठीक आहे.)

तुमच्याही घरात कधीतरी असा ठराव झाला असेल. रिपोर्ट वाचायला, अपॉइंटमेंट घ्यायला, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना समजावून सांगायला कॉलेजातलं पोरगं लागतं, आणि मग त्याच पोराला सांगतात, तू गप्प बस. म्हणून हा विषय आपल्या पानावर घेतलाय. आमचं म्हणणं सरळ आहे: ज्याच्या डोक्यात गाठ आहे, त्याला ती आधी कळली पाहिजे.

मी आठ दिवस गप्प बसले. मामाला सांगितलं होतं, नस दबली आहे. आता नस दबलेला माणूस बरं वाटल्यावर गोळी कशाला घेईल? त्यानं दोन दिवस फिटची गोळी चुकवली आणि फटफटी काढून एकटाच नांदुऱ्याला जाऊन आला. त्याच रात्री दुसरी फिट आली. ती रस्त्यात आली असती तर? चूक त्याची नव्हती, आमची होती. सकाळी खाटेवर बसून तो म्हणाला, "माह्या डोस्क्यात काय हाय ते मले सोडून साऱ्या गावाले मालूम हाय."

त्या दिवशी मी आणि मामीनं त्याला सगळं सांगितलं. तो खचला का? हो. दोन दिवस धड जेवला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः विचारलं, "कॅन्सर हाय का?" आपण लपवतो ते बहुतेक या एका शब्दाच्या भीतीनं. ट्यूमर म्हणजे कॅन्सरच, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक मेनिन्जिओमा कॅन्सरच्या नसतात, हळू वाढतात. गाठ नेमकी कोणती हे ऑपरेशननंतर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये पक्कं होतं. मी हेच त्याला सांगितलं, त्यापेक्षा गोड काही सांगितलं नाही.

मेंदूच्या ऑपरेशनची तयारी पेशंटला अंधारात ठेवून होतच नाही. फिटची गोळी वेळेवर घ्यायची. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडनं भूक वाढते, झोप उडते, शुगर चढू शकते, आणि ती मनानं एकदम बंद करायची नसते. रक्त पातळ करणारी गोळी किंवा एखादं चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरला सांगावं लागतं. मामा गुडघ्यांसाठी कुठलंसं चूर्ण घ्यायचा, हे मामीलाही माहीत नव्हतं! भूलतज्ज्ञ तपासणी करतात, रक्ताची सोय बघावी लागते, ऑपरेशनआधी ठरलेले तास उपाशी राहावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद तुम्ही करू शकता, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटायचं. बाकीचं पेशंटलाच करावं लागतं.

आणि सही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती त्याची स्वतःचीच लागते. 16 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं. तिथं पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन ठरल्यापेक्षा मोठं ऑपरेशन झालं होतं. जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून आईची संमती कोर्टानं मान्य केली नाही. ऑपरेशन कसलं, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे पेशंटला समजलं पाहिजे. 'नस दबली' सांगून घेतलेल्या सहीला मग काय अर्थ उरतो?

वाचता वाचता फ्रिजेश कारिंथी सापडला. हंगेरीचा लेखक. मार्च 1936 मध्ये बुडापेस्टच्या एका कॅफेत बसला असताना त्याला रेल्वेगाड्या धडधडत गेल्याचे आवाज यायला लागले. बाहेर गाडी नव्हतीच. निघाली मेंदूतली गाठ. मे महिन्यात स्टॉकहोमला हर्बर्ट ऑलिव्हक्रोना या सर्जननं ती काढली, फक्त जागा बधिर करून. कारिंथी जागा होता! नंतर त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. आजही गाठ बोलण्याच्या भागाजवळ असेल तर काही पेशंटना ऑपरेशनमध्ये जागं ठेवतात, त्यांच्याशी बोलत राहतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. अशा पेशंटपासून काय आणि कसं लपवणार?

मामाच्या बाबतीत जागं ठेवायची गरज नव्हती. नांदुऱ्याहून गाडीनं आम्ही नागपूरला गेलो. शेगाव आलं तेव्हा मामीनं खिडकीतून हात जोडले. मामा मात्र वहीत लिहीत होता. कोणाकडे किती पैसे बाकी, बँकेची पासबुकं कुठं आहेत, हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं. शेवटच्या पानावर डॉक्टरांसाठी प्रश्न होते. पूर्ण टक्कल करणार का? नाही, कापायच्या रेषेपुरते केस. वावरात कधी जाता येईल? काही आठवडे तरी नाही. फटफटी? त्याची तारीख आत्ता देता येणार नाही, फिट येते की नाही ते बघून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. मामानं तेही लिहून घेतलं.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी एकेक ओळ मराठीत सांगितली, पाऊण तास लागला. बोलायला त्रास होऊ शकतो, उजवा हात लुळा पडू शकतो, जीवही जाऊ शकतो, हे सांगताना माझाच आवाज गेला. मामा म्हणाला, "वाच, पुढं वाच." मग त्यानं वडिलांच्या नावासकट सही केली आणि फटफटीची चावी माझ्या हातात ठेवली. "आठवड्यातून एकडाव चालू करत जाजो. बॅटरी उतरते."